रहस्य सरले, झुमका उरला : ‘पाठलाग’ आणि ‘हा खेळ सावल्यांचा’ या रहस्यपटांचे उत्तरायुष्य

बीजसंज्ञा : रहस्यपट, पुनर्निर्मिती, आंतरसंहितात्मकता, चित्रपटगीत, लोकप्रिय संस्कृती, सातारा-सांगली परिसर

प्रास्ताविक

रहस्यपट हा एकदाच पाहावयाचा चित्रप्रकार आहे, असा एक सर्वसाधारण समज आहे. विनोदी चित्रपटातील प्रसंग आधी ठाऊक असला तरी हसू येते. संगीतप्रधान चित्रपट तर गाण्यांसाठी पुनःपुन्हा पाहिला जातो. रहस्यपटाचे भांडवल मात्र प्रेक्षकाचे अज्ञान हे असते आणि ते पहिल्याच खेळाला खर्ची पडते. असे असूनही काही रहस्यपट दीर्घायुषी ठरतात. आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’चे (१९६०) उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा दंडक हिचकॉकने त्या वेळी घालून दिला होता. आज हा चित्रपट कधीही न पाहिलेल्या माणसालाही स्नानगृहातील तो प्रसंग आणि व्हायोलिनचे ते कर्कश सूर ओळखीचे वाटतात. विडंबनांनी, जाहिरातींनी आणि इतर चित्रपटांनी तो प्रसंग इतक्या वेळा उचलला, की त्यातील भीती हीच एक सार्वजनिक ठेव बनली.

मराठी रहस्यपटांच्या बाबतीत असे घडले काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४) आणि वसंत जोगळेकर दिग्दर्शित ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) हे दोन चित्रपट निवडले आहेत. दोहोंचे नायक डॉ. काशिनाथ घाणेकर आहेत, हे साम्य वरवरचे होय. अधिक महत्त्वाचे साम्य असे, की दोन्ही चित्रपटांचे संदर्भ पुढील लोकप्रिय संस्कृतीत विपुल आढळतात, मात्र त्यांत रहस्याचा अंश जवळजवळ नसतो.

सातारा-सांगली परिसराशी या दोन्ही चित्रपटांचे नाते निकटचे आहे. राजा परांजपे यांचा जन्म १९१० मध्ये मिरजेत झाला. ‘पाठलाग’ची गीते लिहिणारे ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यातील शेटफळ्याचे. ती गाणाऱ्या आशा भोसले यांचा जन्म सांगलीचा. ‘हा खेळ सावल्यांचा’चे संगीतकार हृदयनाथ मंगेशकर यांचाही जन्म सांगलीचाच, आणि गीतकार सुधीर मोघे किर्लोस्करवाडीचे. हा सारा प्रदेश १९४९ पूर्वी सातारा जिल्हा व आसपासची संस्थाने यांत विभागलेला होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले त्या सांगलीचा नाट्यपंढरी म्हणून गौरव होतो. चित्रपटाच्या संदर्भात मात्र या परिसराचा असा उल्लेख क्वचितच केला जातो.

‘पाठलाग’ : अविश्वासाची कथा

‘पाठलाग’ हा जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेला आहे. वकील असलेल्या नायकाची पत्नी मरण पावते. पुढे दरोडेखोरांच्या टोळीशी संबंध असल्याच्या आरोपावरून एक स्त्री पकडली जाते. ती मृत पत्नीसारखी हुबेहूब दिसते आणि आपणच त्या वकिलाची पत्नी आहोत असे सांगते. ज्याने पत्नीला अग्नी दिला, त्याच्यासमोर ती न्यायालयात उभी राहते आणि पती-पत्नीखेरीज कोणाला ठाऊक नसावेत असे तपशील सांगू लागते. ही स्त्री कोण, हे चित्रपटाचे रहस्य. ती खरोखरच पत्नी आहे आणि मेली ती दुसरीच, हा त्याचा उलगडा. साठ वर्षांनंतर हे उघड केल्याने रसभंगाचा दोष लागू नये. शिवाय कादंबरीच्या नावातच परत येण्याची गोष्ट आहे. चित्रपटाचे नाव बदलले गेले ते कदाचित याचसाठी.

चित्रपटाला १९६४ च्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपती रौप्यपदक मिळाले. १९६५ मध्ये ‘इदय कमलम्’ या नावाने त्याचा तमिळ अवतार आला आणि १९६६ मध्ये राज खोसला यांनी हिंदीत ‘मेरा साया’ काढला. खोसला यांचा ‘वह कौन थी’ १९६४ चा आणि ‘अनीता’ १९६७ चा. या तिन्ही चित्रपटांत साधना आहेत आणि तिन्ही चित्रपट एकाच प्रश्नाभोवती फिरतात : समोर दिसते ती स्त्री नक्की कोण? मिरजेच्या दिग्दर्शकाची कथा खोसला यांना आयती सापडली असे म्हणण्यापेक्षा ती त्यांच्या आधीपासूनच्या शोधात नेमकी बसली, असे म्हणणे न्यायाचे ठरेल.

सामान्यतः ही कथा जुळ्यांची कथा म्हणून सांगितली जाते. तिचे मर्म अन्यत्र आहे. खरे बोलणाऱ्या स्त्रीवर तिचा पती, पोलीस आणि न्यायालय यांपैकी कोणीही विश्वास ठेवत नाही. तिच्याजवळ पुरावा म्हणून स्मृतीखेरीज काही नाही, आणि प्रत्येक बिनचूक आठवण तिच्या लबाडीचा नवा पुरावा मानली जाते. ‘मेरा साया’मध्ये तर तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. रहस्यकथेत गुन्हेगार कोण हे शोधायचे असते. येथे निर्दोष कोण हे कोणालाच शोधावेसे वाटत नाही. या जातीची भीती मराठी पडद्यावर त्यापूर्वी फारशी आली नव्हती, आणि ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’ अशा हलक्याफुलक्या चित्रपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या दिग्दर्शकाने ती आणावी, हे लक्षणीय आहे.

दोन गीते, दोन सर्वनामे

मूळ चित्रपट आणि पुनर्निर्मिती यांतील अंतर कथानकापेक्षा गीतांतून अधिक स्पष्ट होते. ‘पाठलाग’मधील ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे गीत ग. दि. माडगूळकर यांचे, संगीत दत्ता डावजेकर यांचे आणि आवाज आशा भोसले यांचा. पत्नी पतीला सांगते, की तो कोठेही गेला तरी तिच्या डोळ्यांची पाखरे त्याच्याभोवती फिरत राहतील. चित्रपटाचे नाव असलेला शब्द माडगूळकरांनी या गीतात आणला आहे आणि त्यामुळे तो दुहेरी झाला आहे. पोलिसांनी गुन्हेगाराचा करावयाचा पाठलाग आणि प्रेमाने माणसाचा करावयाचा पाठलाग, असे दोन्ही अर्थ त्यात येतात. प्रेक्षकाला शीर्षक पाहून वाटते की ही दरोडेखोरांच्या मागावरची कथा आहे. गीत ऐकून कळते की ही एका नजरेची कथा आहे. रहस्यपटाच्या शीर्षकाने प्रेक्षकाला चकवावे आणि गीताने हळूच खरे सांगून टाकावे, ही योजना विलक्षण आहे.

हिंदीत या गीताच्या जागी राजा मेहदी अली खाँ यांचे ‘तू जहाँ जहाँ चलेगा’ आले. संगीत मदनमोहन यांचे, आवाज लता मंगेशकर यांचा. कल्पना तीच, पण पाखरांची सावली झाली. पाखरे जिवंत असतात, उडतात, परत येतात. सावलीला स्वतःचे अस्तित्व नसते. मराठी गीतातील स्त्री जिवंतपणाची ग्वाही देते, तर हिंदी गीतातील स्त्री आपण नसल्यावरही सोबत राहण्याची. मृत पत्नीची आठवण म्हणून हिंदी गीत अधिक परिणामकारक आहे, हे मान्य करावे लागते. परंतु ती मेलेली नाही या सत्याशी इमान राखते ते मराठी गीतच. सर्वनामांचा फरकही बोलका आहे. माडगूळकरांची गृहिणी पतीला ‘तुम्ही’ म्हणते. १९६४ च्या मराठी मध्यमवर्गीय घरातील ते सहज संबोधन होय. हिंदी गीतातील ‘तू’ घरातला नाही, तो उर्दू प्रेमकाव्याच्या परंपरेतला आहे. एका सर्वनामाच्या बदलाने घर मागे पडते आणि हवेली उभी राहते.

आवाजाच्या योजनेकडे समीक्षेचे लक्ष कमी गेले आहे. ‘पाठलाग’मधील ‘नको मारूस हाक’ हे खट्याळ गीत आणि वर उल्लेखिलेले आर्त गीत ही दोन्ही आशाबाईंनीच गायिली आहेत. ‘मेरा साया’मध्ये पत्नीच्या तोंडची गीते लताबाईंना मिळाली आणि टोळीतील म्हणून ओळखल्या गेलेल्या स्त्रीचे ‘झुमका गिरा रे’ आशाबाईंना. पत्नी आणि नर्तकी एकच की दोन, हे चित्रपटाचे रहस्य आहे. पण कान देऊन ऐकणाऱ्या प्रेक्षकाला पार्श्वगायनाने ते आधीच फोडून सांगितले, असे होते. अर्थात त्या काळातील हिंदी चित्रपटात गाण्याच्या जातीनुसार गायिका निवडण्याचा प्रघात होता आणि एकाच नायिकेसाठी दोन आवाज वापरले जात. त्यामुळे ही योजना हेतुपुरस्सर होती असा दावा करता येत नाही. परिणाम मात्र नाकारता येत नाही.

बरेलीचा झुमका

‘झुमका गिरा रे’ या गीताचे पुढे जे झाले ते लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. बरेलीच्या बाजारात झुमका पडल्याची कल्पना या चित्रपटाची स्वतःची नाही. ती लोकगीतांत रुळलेली होती आणि १९४७ च्या ‘देखो जी’ या चित्रपटातही येऊन गेली होती. हरिवंशराय आणि तेजी बच्चन यांच्या भेटीशी ती जोडणारी एक आख्यायिकाही सांगितली जाते. तथापि देशाच्या कानात ती बसली ती ‘मेरा साया’मुळे. हे गीत इतके प्रसिद्ध झाले, की ज्या शहरात झुमक्यांचा विशेष व्यवसाय नव्हता त्या शहराची ओळखच झुमका झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये बरेलीच्या वेशीवर, दिल्ली-लखनौ महामार्गालगत, सुमारे १४ फूट उंचीचा झुमका समारंभपूर्वक उभारण्यात आला. एका काल्पनिक दागिन्याचे शहराने स्मारक केले. २०२३ मध्ये करण जोहर यांच्या ‘रॉकी और रानी की प्रेम कहानी’त ‘व्हॉट झुमका’ या गीतासाठी हीच धून पुन्हा घेण्यात आली आणि महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांतून त्यावर नृत्ये होऊ लागली.

येथे ‘पाठलाग’ शोधू गेल्यास तो सापडत नाही. यात कोणी अन्याय केला असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. झुमक्याचे गीत मराठी चित्रपटातून आलेले नाही. ती हिंदी निर्मात्यांची स्वतंत्र कमाई आहे. परंतु ज्या प्रसंगासाठी ते लिहिले गेले तो प्रसंग, ज्या स्त्रीच्या तोंडी ते घातले गेले ती स्त्री, आणि ती कोण हा प्रश्न, हे सारे मराठी कथेचे आहे. गीत आपल्या कथेतून सुटले आणि कथा आपल्या भाषेतून. ‘व्हॉट झुमका’वर नाचणाऱ्या विद्यार्थ्याला ‘मेरा साया’ हे नाव ठाऊक असण्याची शक्यता आहे. ते मिरजेत जन्मलेल्या दिग्दर्शकाच्या चित्रपटावरून आले, हे सांगलीतील विद्यार्थ्यालाही ठाऊक नसते. ‘मीच ती’ असे न्यायालयात सांगणाऱ्या नायिकेसारखीच मूळ चित्रपटाची अवस्था झाली आहे.

याचे एक कारण माध्यमांच्या इतिहासात आहे. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली आणि सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये, म्हणजे ‘पाठलाग’च्या आदल्याच वर्षी. चित्रपट गावोगावच्या चित्रपटगृहांतून आणि जत्रेतील तंबूंतून आठवडा-दोन आठवडे चाले व निघून जाई. गाणे मात्र रोज सकाळी घरात येई. रेडिओवर रहस्य येऊ शकत नाही. तीन मिनिटांच्या तबकडीत मावेल तेवढेच टिकते. मराठीत ‘सायको’च्या स्नानगृहासारखा भीतीचा प्रसंग सार्वजनिक झाला नाही, याचे उत्तर दिग्दर्शकांच्या कुवतीत शोधण्यापेक्षा या वितरणात शोधणे अधिक योग्य ठरेल.

सावल्यांचा खेळ, रात्रीचा खेळ

‘हा खेळ सावल्यांचा’ची वाटचाल काहीशी वेगळी आहे. येथे पुढील पिढीने निदान भीती तरी उचलली, पण अर्धीच. आशा काळे यांनी साकारलेल्या नायिकेला नरसूच्या भुताची धास्ती असते. हे भूत खरे की कोणाचा डाव, हा प्रश्न. प्रेक्षकांच्या एका पिढीला नरसूने झोप येऊ दिली नाही, हे त्या पिढीतील कोणीही सांगेल. असे असूनही चित्रपटातील सर्वांत लोकप्रिय गोष्ट कोणती, तर ‘गोमू संगतीनं’ हे आशा भोसले आणि हेमंतकुमार यांचे कोळी वळणाचे प्रेमगीत. ज्यांनी ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘कोहरा’ (१९६४) या हिंदी भयपटांची निर्मिती केली व त्यांना संगीत दिले, ते हेमंतकुमार मराठी रहस्यपटात येऊन प्रसन्न द्वंद्वगीत गातात, हा योगायोग मौजेचा आहे. २०१८ मध्ये ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ हा चरित्रपट आला तेव्हा हेच गीत सुबोध भावे आणि प्राजक्ता माळी यांच्यावर पुन्हा चित्रित झाले. नरसू पुन्हा मागेच राहिला.

दुसरे गीत महेंद्र कपूर यांनी गायिलेले ‘रात्रीस खेळ चाले’. त्याच्या पहिल्या शब्दांवरून झी मराठी वाहिनीवर २०१६ मध्ये एक मालिका सुरू झाली. कोकणातील एका वाड्यात घडणाऱ्या या भयमालिकेचे पुढे २०१९ व २०२१ मध्ये आणखी भाग आले, आणि अण्णा नाईक व शेवंता ही पात्रे घरोघरी पोचली. ‘रात्रीस खेळ चाले’ म्हटल्यावर आज मोघे यांच्या गीताआधी अण्णा नाईकांचा चेहरा आठवतो, हे मान्य केले पाहिजे.

संदर्भ देणे आणि शब्द उचलणे यांतील भेद येथे दिसतो. सुधीर मोघे यांचे गीत भुताचे गीत नाही. भुताचा निरास करणारे ते गीत आहे. चंद्र स्वयंप्रकाशी नाही, तो सूर्याचेच तेज वाहतो. सावली हा आभास, प्रकाश तेवढा खरा. आणि सावलीला हसणे हा सावलीचा नव्हे, तर न पाहणाऱ्याचा दोष, असा त्या गीताचा युक्तिवाद आहे. चाल गूढ, आवाज खर्जातला, आशय मात्र जवळजवळ भौतिकशास्त्राच्या पाठासारखा स्वच्छ. हृदयनाथांच्या चालीने घाबरवावे आणि मोघ्यांच्या शब्दांनी सावरावे, अशी ही रचना आहे. मालिकेने त्यातील पहिले तीन शब्द घेतले, म्हणजे रात्र घेतली आणि चंद्रावर उजेड कोठून येतो हा भाग सोडून दिला. मालिका सुरू होताच ती अंधश्रद्धेला खतपाणी घालते, असा आक्षेप सिंधुदुर्गातून घेण्यात आला होता. मालिका हे रंजन आहे आणि भीती हा रंजनाचा एक जुना, वैध मार्ग आहे. तेव्हा त्या आक्षेपाशी पूर्णतः सहमत होता येत नाही. पण शीर्षकासाठी नेमके हेच गीत निवडले गेले, यातील विसंगती दुर्लक्षिता येत नाही.

साताऱ्यात बसून हे लिहिताना-वाचताना त्या विसंगतीला अधिक धार येते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम उभारणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्यांच्या चळवळीतील कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिके करीत. आधी चमत्कार दाखवायचा, लोक थक्क झाले की त्यामागची युक्ती उघड करायची. ‘हा खेळ सावल्यांचा’ या शीर्षकाची रीत हीच आहे. खेळ हा शब्द आला, की खेळवणारा कोणीतरी असणार, हेही आले. प्रात्यक्षिकातील केवळ पहिला अर्धा भाग दाखवून पडदा पाडला, तर प्रात्यक्षिक करणारा आणि बुवा यांत फरक राहत नाही.

‘पाठलाग’ व ‘मेरा साया’ यांच्याकडे परत येता, एक काम अद्याप व्हावयाचे आहे. देवकुळे यांची कादंबरी, परांजपे यांचा चित्रपट, तमिळ व हिंदी अवतार या चारही संहिता समोरासमोर ठेवून वाचल्या गेलेल्या नाहीत. पदव्युत्तर वर्गात साहित्यकृतीचे माध्यमांतर शिकविताना ठराविक कादंबऱ्यांचीच उदाहरणे घेतली जातात. त्यांऐवजी हा एक संच घेतल्यास विद्यार्थ्याला कादंबरी, मराठी चित्रपट, भाषांतर आणि गीत ही चारही अंगे एकाच कथेत अभ्यासता येतील, आणि शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील विद्यार्थ्याला ती आपल्याच तालुक्यांतील माणसांची कामे म्हणून भेटतील. अशा वाचनात सुरुवातीला विचारावयाचा प्रश्न साधा आहे. आरोपीच्या पिंजऱ्यातील त्या स्त्रीवर पहिला विश्वास कोण ठेवतो, पती, न्यायाधीश की प्रेक्षक, आणि तो क्षण चारही संहितांत एकाच ठिकाणी येतो काय?